लाल गाडीतली दुसरी सीट

स्वतःच्या हस्ताक्षरावर माणसाने फार विश्वास ठेवू नये, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी रांजणगावच्या एका कारखान्यातल्या चार नंबरच्या शेडमध्ये कळलं. मी त्या कारखान्यात स्टोअरकीपर. आत येणारा प्रत्येक नटबोल्ट माझ्या रजिस्टरातून जातो, आणि रजिस्टरात जे आहे तेच जगात आहे अशी माझी दहा वर्षांची श्रद्धा. त्या रजिस्टरात एक नोंद होती: ‘मोटार, चारचाकी, लाल, एक नग.’ नोंद मीच केली होती. आमचे परदेशी साहेब मायदेशी कायमचे परत गेले, तेव्हा त्यांची जुनी गाडी ताडपत्रीखाली झाकून शेडमध्ये लावली गेली. नियमाप्रमाणे ताडपत्री काढून बघायला हवं होतं. पण हमाल रजेवर होता आणि ताडपत्रीवर कबुतरांनी बरंच काही करून ठेवलं होतं. म्हणून मी वाकून चाकं मोजली, फाटक्या कोपऱ्यातून रंग बघितला आणि सही ठोकली.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे दोन हजार तीन साली, कंपनीने जुनं सामान कामगारांना स्वस्तात द्यायचं ठरवलं. कुणी कपाट घेतलं, कुणी पंखा. वेल्डिंगमधल्या एकाने नुसतं दार घेतलं. त्याला म्हणे घर नंतर बांधायचं होतं. त्याच आठवड्यात माझी मुलगी हर्षदा शाळेतून फाटक्या बाहीने घरी आली होती. ती दहा वर्षांची, शाळा शिरूरला, आणि कारेगाव ते शिरूर ती वडापच्या जीपने जायची. नऊ जणांच्या जीपमध्ये एकोणीस बसतात. त्यातल्या कुणाच्या तरी पिशवीची कडी तिच्या बाहीत अडकली होती. मी त्याच रात्री जेवताना जाहीर केलं, की माझी मुलं यापुढे स्वतःच्या फोरव्हीलरने शाळेत जातील. रजिस्टर डोळ्यांपुढे होतंच. चार चाकं आहेत म्हणजे चार माणसं बसणार, हे मी गृहीत धरलं, आणि पगारातून कापून घ्यायच्या कागदावर सही केली.

मग ताडपत्री निघाली.

गाडी माझ्या कमरेइतकी होती. दारं दोन. वर पत्र्याचा टप नव्हता, कापड होतं, आणि त्या कापडात उंदरांनी संसार थाटला होता. स्टीअरिंग डाव्या बाजूला. सीटा दोन. मी मान आत घालून मागे बघितलं, तर मागच्या सीटच्या जागी एक फळी. तिच्यावर फार तर टोपी ठेवता आली असती. फळीच्या मागे थेट इंजिन. हमाल बराच वेळ गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, ‘साहेब, बाकीची गाडी कुठंय?’

परत करावी म्हटलं, तर जुन्या सामानाची तक्रार कुणाकडे करायची हे परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं: स्टोअरकीपरकडे. मी मला ओळखतो. मी तो अर्ज कधीच मंजूर केला नसता.

गाडी चालू मात्र लगेच झाली. तिचा आवाज असा, की कारेगावात मी शिरलो तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं बोअरिंगची मशीन आली म्हणून कळश्या घेऊन बाहेर आली. माझी बायको रंभा दारात उभी होती. तिने गाडी एकदा पुढून पाहिली, एकदा मागून पाहिली आणि विचारलं, ‘पोरं कुठं बसायची?’

‘बसतील की,’ मी म्हणालो. आजपर्यंत माझ्या घरात इतकं कमी विचार करून कुणी उत्तर दिलं नसेल.

आईला, म्हणजे सखूबाईला, गाडीत बसायची भारी हौस. ती बसायला म्हणून वाकली ती थेट आत पडली आणि दिसेनाशी झाली. मग आतून आवाज आला, ‘आरं हौसा, पाय कुठं सोडू?’ तिला बाहेर काढायला रंभा आणि शेजारच्या दोघी लागल्या. ‘हिरीतनं काढल्यावानी काढली बया मला,’ असं ती महिनाभर येईल त्याला सांगत होती. शेजारचे म्हस्कूमामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गल्लीतल्या प्रत्येक वाहनावर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी टायरला लाथ मारून बघितली, आत डोकावले आणि म्हणाले, ‘हौसराव, गाडी चांगली हाय. पर ह्यात ड्रायव्हर बसला आन् कंडक्टर बसला की गाडी फुल. पाशिंजर कुठं घेनार?’

राहिले आमचे आबा. वडिलांचं नाव गेणबा. उभं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. आता मेंढरं विकून शेती करतात, पण लाल पागोटं आणि खांद्यावरची घोंगडी सुटलेली नाही. नवी वस्तू घरात आली की तिच्यावर भंडारा उधळायचा, हा आमचा कुळाचार. बैलगाडीवर उधळला, टीव्हीवर उधळला, गॅसच्या शेगडीवरही उधळला. इतर गाड्यांचं नाक पुढे असतं आणि त्याच्यावर झाकण असतं. हिचं नाक मागे, आणि त्याला खिडकीसारख्या उघड्या फटी. आबा श्रद्धेने मागच्या बाजूला गेले, ‘येळकोट येळकोट’ म्हणाले आणि जेजुरीहून आणलेली आख्खी पिशवी त्या फटींत मोकळी केली. मी कौतुकाने चावी फिरवली.

त्यानंतर जे झालं त्याला कारेगावात आजही ‘पिवळा मंगळवार’ म्हणतात. इंजिनाने हळद ओढून घेतली, क्षणभर विचार केला आणि ती मागच्या नळीतून गल्लीभर परत केली. वाळत घातलेली धुणी पिवळी झाली. म्हस्कूमामांची दाढी पिवळी झाली. एका घरात मुलगी बघायला पाहुणे आले होते, ते पांढऱ्या कपड्यात आत गेले होते आणि हळद लागून बाहेर आले. लग्न तिथेच ठरलं, हा भाग वेगळा. आबा समाधानाने म्हणाले, ‘देवानं घेतला.’ गाडी मात्र त्या क्षणापासून खोकायला लागली.

शिरूरच्या दोन मेकॅनिकांनी तिच्यावर हात ठेवायलाच नकार दिला. एकाने तर ‘आधी डॉक्टरला दाखवा’ असं सांगितलं, आणि ते मला उद्देशून होतं असं मला वाटतं. शेवटी म्हस्कूमामांनी दौंडचे मच्छिंद्र फिटर सुचवले. हे गृहस्थ रेल्वेत इंजिन दुरुस्तीला होते. ‘ज्यानं रेल्वेचं इंजान खोललं त्याला ह्ये खेळणं काय अवघड?’ असा मामांचा बिनतोड मुद्दा. रविवारी मी आबांना घेऊन न्हावऱ्यावरून दौंडला निघालो. टपाच्या फाटक्या कापडावर आबांची घोंगडी टाकली होती, आणि आबा उजव्या सीटवर बसले होते.

आता हे लक्षात घ्या, की आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असतो. समोरून येणाऱ्याला दिसत होतं ते असं: लाल गाडी, आणि ती चालवणारा पागोटेवाला म्हातारा दोन्ही हातांनी तंबाखू मळतोय. न्हावऱ्याच्या अलीकडे आबांनी चिमूट तोंडात टाकली, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. एका ट्रॅक्टरवाल्याने ते बघितलं आणि ट्रॉलीसकट शेतात उतरला. एका मोटरसायकलवाल्याने गाडी सोडून दिली आणि हात जोडून उभा राहिला. मला हा सगळा प्रकार समजत नव्हता. मी ओळखीचे समजून सगळ्यांना डाव्या बाजूने हात करत होतो.

मच्छिंद्र फिटरांनी मागचं झाकण उघडलं. आत सगळं पिवळंधमक. त्यांनी आत बोट फिरवून वास घेतला. मग चष्मा पुसून शांतपणे म्हणाले, ‘ह्याचं लगीन कवा झालं?’ दिवसभर त्यांनी नळ्या धुतल्या, जाळ्या धुतल्या आणि संध्याकाळी निदान सांगितलं: ‘इंजान एक नंबर हाय. आता ह्येला देवापास्नं लांब ठिवा.’ आबांना ते आवडलं नाही. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि, सुदैवाने, झोपलेही नाहीत.

सोमवारपासून शाळेच्या फेऱ्या. ठरल्याप्रमाणे दोन्ही मुलं गाडीने निघाली. रुद्र पाच वर्षांचा, बालवाडीत. तो उजव्या सीटवर. हर्षदा मागच्या फळीवर, आडवी, पाय दुमडून, मान घोंगडीला टेकवून. ‘जमतंय ना गं?’ मी विचारलं. ‘जमतंय आप्पा,’ ती म्हणाली. माझी मुलगी पहिल्यापासून समजूतदार आहे.

कारेगाव ते शिरूर सहा गतिरोधक आहेत. निम्मे सरकारने केले, निम्मे गावकऱ्यांनी आपापल्या रागाच्या प्रमाणात. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं आणि चारही चाकं अधांतरी राहिली. वजन कमी करणं भाग होतं. रुद्रला उतर म्हटलं की तो भोकाड पसरायचा. म्हणून मी म्हणायचो, ‘हर्षदा, उतर.’ ती फळीवरून सुटायची, दप्तर घेऊन गतिरोधक चालत ओलांडायची, पलीकडे थांबायची आणि परत फळीवर चढायची. असं सहा वेळा. आठवड्याभरात मला तिचं नावही घ्यावं लागेना. गाडी हळू झाली की ती आपोआप उतरायची. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि ते मी ऑफिसात सांगायचो.

इकडे रस्त्यावर वेगळाच हाहाकार चालू होता. आबांनंतर आता उजव्या सीटवर रुद्र. लोकांना दिसायचं ते हे, की पाच वर्षांचं पोर वॉटरबॅग गळ्यात घालून, बिस्किट खात, साठच्या वेगाने लाल गाडी चालवतंय आणि मधूनच मागे वळून बहिणीला जीभ दाखवतंय. एका एसटीच्या ड्रायव्हरने म्हणे ते बघून बस थांबवली आणि अर्धा दिवस रजा टाकली. ग्रामसभेत प्रश्न निघाला. तिसऱ्या दिवशी एक हवालदार चौकशीला घरी आले. सज्जन माणूस. चहा घेऊन त्यांनी विचारलं, ‘गाडी चालवणारा मुलगा कोणता?’

रुद्र पुढे झाला. ‘मी,’ तो म्हणाला. ‘मी लई जोरात चालिवतो.’

एका सुशिक्षित माणसाला, ज्याने दहा वर्षं एकही नट हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही, त्याला स्वतःच्या अंगणात बसून ‘माझा मुलगा वय वर्षे पाच हा मोटार चालवत नाही’ असा जबाब लिहून द्यावा लागला. साक्षीदार म्हणून म्हस्कूमामांची सही. मामांनी सही करताना विचारलं, ‘पर हौसराव, खरंच चालवत न्हाई ना?’ मी त्या दिवशी जेवलो नाही.

जबाबाला गाडीचे कागद जोडायचे होते. कागद अजून साहेबांच्या नावावर. मी परिवहन कचेरीत तीन खेटे घातले. तिथल्या कारकुनांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं नियमाने केलं. नियमात ही गाडीच बसत नव्हती, त्याला ते काय करणार? अखेर साहेबांच्या देशातून सही आली, शिक्के बसले आणि माझ्या नावाचं पुस्तक हातात पडलं. त्यात लिहिलं होतं: ‘आसनक्षमता दोन, चालक धरून.’ कारकून म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही आणि अजून एक. तिसरं कुणी घेऊ नका.’

तुम्ही आणि अजून एक. आता नियम तो नियम. मी स्टोअरचा माणूस, कागदाबाहेर जात नाही. त्याच संध्याकाळी मी हर्षदाला जवळ घेऊन समजावलं, ‘बाळा, दोन दिवस जीपने जा. काहीतरी सोय करतो.’ ती ‘बरं’ म्हणाली. फळीवर दप्तरही मावत नव्हतंच, आणि दोन महिन्यांत ती उंच झाली होती. शिवाय रुद्र लहान. शिवाय आबांचं म्हणणं, नातवाला गर्दीत कुठं चेंगरायला पाठवता? सगळी कारणं बरोबर होती. मी ती आजही तुम्हाला क्रमाने सांगू शकतो.

रंभा तव्यावर भाकरी टाकत होती. ती म्हणाली, ‘बाही कुणाची फाटली हुती?’

‘अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ती समजूतदार आहे.’

‘म्हंजी काय? जी जागा सोडती ती समजूतदार व्हय?’

बायकांना कागदपत्रांतलं कळत नाही असं मी मनात म्हणालो आणि भाकरी खाल्ली. दोन दिवसांचा ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी झाली. गाडी अधूनमधून दौंडला जाऊन येत होती. लोकांना रुद्रची सवय झाली. एसटीचे ड्रायव्हर त्याला हात करू लागले. कारखान्यात मला ‘रेसर’ म्हणत, मी वरवर रागवायचो. सकाळी साडेसहाला आम्ही निघायचो तेव्हा हर्षदा फाट्यावर जीपची वाट बघत उभी असायची. आम्ही तिच्यापुढून जायचो. रुद्र भोंगा वाजवायचा. ती हसून हात करायची, आणि मलाही बरं वाटायचं.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. सकाळी आठला लेझीम, चाळीस मुली, आणि त्यांच्या पुढे शिट्टी वाजवणारी हर्षदा. हे मला आदल्या संध्याकाळी कळलं. घरात सगळ्यांना महिनाभर ठाऊक होतं. रंभा पहाटेच मैत्रिणींबरोबर मुलींचे फेटे बांधायला पुढे गेली होती. जाताना तिने मला एकच वाक्य सांगितलं होतं: ‘आज पोरीला एळंवर न्या.’ मी मोठ्या मनाने ठरवलं, आज नियम बाजूला. आज सगळे गाडीने. आबा उजव्या सीटवर, त्यांच्या मांडीवर रुद्र, आणि हर्षदा फळीवर. नऊवारी नेसलेली, फेट्याची घडी हातात घेऊन. गुडघे तिच्या हनुवटीला लागत होते. मी आरशातून बघितलं आणि म्हणालो, ‘बघ, आलीस की नाही गाडीने?’

सरदवाडीच्या अलीकडे नाकाबंदी. तेच हवालदार. त्यांनी पागोटं बघितलं, पागोट्याच्या मांडीवरचा जुना आरोपी बघितला, वाकून फळीवरची मुलगी बघितली, आणि वही काढली.

‘हौसराव, पुस्तक मीच बघितलंय तुमचं. दोन शिटं. हितं चौघं. पावती फाडत न्हाई, संमेलन हाय म्हणता तर. पर दोघं उतरा. त्याबिगर गाडी सोडता येनार न्हाई.’

दोघं कोण, हे अजून कुणी बोललं नव्हतं. मी हिशेब करत होतो. आबांना उतरवावं तर म्हातारा माणूस. रुद्रला उतरवावं तर तो रडणार. एवढ्यात माझ्या मानेमागून काहीतरी सरपटलं. हर्षदा फळीवरून सुटली होती. उतरली. नऊवारीचा ओचा सारखा केला, फेटा काखेत घेतला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन, मागून येणाऱ्या जीपला हात केला. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. नळ बंद करावा इतक्या सवयीने तिने ते केलं.

‘आप्पा, तुम्ही जावा पुढं,’ ती म्हणाली. ‘मी येते जीपनं.’

हवालदारांचं पेन वहीवर थांबलं. ‘आरं, त्या पोरीला कुठं म्हणलो मी?’ ते आधी माझ्याकडे बघून म्हणाले, मग आबांकडे बघून. आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि पागोट्याशी चाळा करत खाली बघू लागले. मलाही सांगायचं होतं, की मी तिला उतर म्हणालो नव्हतो. आणि हे खरंच होतं. त्या दिवशी मी म्हणालो नव्हतो.

मला आजवर खूप धक्के बसले होते, गाडीने दिलेले, कागदांनी दिलेले, सगळे मी तुम्हाला हसत सांगितले. पण तिथे मी थंड पडलो. सात महिने मी हिला गाडीतून उतरवत होतो, आणि ही गाडी मी हिच्यासाठी घेतली होती. मला माझीच लाज वाटली. इतकी, की हवालदारांकडे बघवेना.

मी गाडीतून बाहेर पडलो. ‘आबा, उतरा. रुद्र, उतर. हर्षदा, तू ये, पुढं बस. इथं. खिडकीशी. आपण दोघं जाऊ.’

आबा नातवाला घेऊन उतरले. रुद्रने भोकाड पसरायला तोंड उघडलं. आबांनी त्याचा हात घट्ट धरला आणि त्याने ते मिटलं. उजवी सीट रिकामी झाली. हर्षदाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

‘नको आप्पा.’

‘का गं? रागावलीस?’

‘न्हाई हो.’ तिला खरंच राग आला नव्हता, ती मला नीट समजावून सांगत होती. ‘जीपमधी मला कुणी उतर म्हणत न्हाई.’

जीप येऊन थांबली. ती चालवणारा म्हाळू मला ओळखत होता; माझ्या गाडीला हसणाऱ्यांत तो पहिला. त्या दिवशी तो हसला नाही. ‘या ताई, फेटा सांभाळा,’ म्हणाला. मधल्या बाकावर खिडकीशी एक पिशवी ठेवलेली होती. शिरूरला भाजी विकायला जाणाऱ्या धुरपदाआजींनी ती उचलून मांडीवर घेतली. ‘म्हणलं आज गाडीनं गेली का काय माजी बाय,’ त्या म्हणाल्या. ‘तरी जागा धरली हुती.’ एकोणीस माणसांच्या जीपमध्ये पाच महिने एक खिडकी माझ्या मुलीसाठी धरून ठेवली जात होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी चावी आबांच्या हातात दिली. ‘मी जातो हिच्याबरोबर. तुम्ही मागच्या जीपने या.’ आबा म्हणाले, ‘जा. बघ तिचं लेझीम.’ मग रुद्रला कडेवर घेत म्हणाले, ‘आमी बी येतो लगी.’ हवालदारांनी गाडी कडेला ढकलायला हात लावला.

‘म्हाळू, मला जागा?’ मी विचारलं.

‘मागं लोंबकळा, स्टोअरवाले.’

मी मागच्या पायरीवर उभा राहिलो, एका हाताने टपाची सळई धरली. टाय वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होता. आत हर्षदा बोलत होती. घरात इतकी बोलत नाही. कुठली मुलगी ताल चुकते, शिट्टी किती वेळा वाजवायची, संमेलनाला कोण पाहुणे येणार, सगळं ती धुरपदाआजींना सांगत होती आणि सगळी जीप ऐकत होती. मध्येच तिने मागे वळून मला लोंबकळताना बघितलं आणि बोलायची थांबली.

‘आज्जे,’ ती म्हणाली, ‘सरका की जरा. माझे आप्पा हायेत ते. त्यांना बसू द्या.’

आजी सरकल्या. त्यांच्या पलीकडचा सरकला, त्याच्या पलीकडचा कुरकुरत सरकला. म्हाळूने जीप थांबवली, मी मागून उतरून मधल्या दाराने आत शिरलो, आणि बाकावर चार बोटं जागा झाली. मी तिथे बसलो. हर्षदाने फेटा माझ्या मांडीवर ठेवला आणि परत आजींशी बोलायला लागली. शिरूर येईपर्यंत तो फेटा मी दोन्ही हातांनी धरून होतो, आणि मला मान वर करता आली नाही.